विदुषींच्या वाटेवरचा अडसर

गोव्याहून दिल्लीस निघालेली आगगाडी भुसावळ सोडून पुढे गेली की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर लागते. खिडकीतून केळीच्या बागा दिसतात, फलाटावर हिंदीच्या बरोबरीने खानदेशी वळणाची मराठी कानी पडते, आणि आपल्याकडचे बहुतेक प्रवासी एवढ्यावर समाधान मानून पुन्हा डोळे मिटतात. वास्तविक हे शहर डोळे उघडे ठेवून पाहावे असे आहे. फारुकी सुलतानांनी तापीच्या काठी वसविलेले, मोगलांचे दक्षिणेतील ठाणे म्हणून मिरवलेले, १७६० च्या उदगीरच्या तहाने पेशव्यांकडे आलेले आणि पुढे शिंद्यांच्या अमलाखाली राहिलेले हे नगर २००३ पासून मध्य प्रदेशातील एका स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. याच नगरात १६३१ सालच्या जून महिन्यात मुमताजमहलने चौदाव्या बाळंतपणात प्राण सोडला. बादशाही मोहोर सांभाळण्याइतका जिचा दरबारात अधिकार होता, तिचे आयुष्य अखेर बाळंतिणीच्या खाटेवर संपले. तिचे शव काही महिने तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत ठेवून मग आग्र्यास नेण्यात आले. आग्र्याची संगमरवरी कबर पाहावयास सारे जग जाते; चौदा बाळंतपणांचा हिशेब मात्र बऱ्हाणपूरच्या मातीत राहिला.

बऱ्हाणपूरशी आणखी एका स्त्रीची कथा आडवळणाने जोडलेली आहे. भास्कराचार्यांची लीलावती आपणां सर्वांस परिचित आहे. घटिकापात्रात मोती अडकला, मुहूर्त टळला, मुलीचे लग्न राहिले, आणि तिच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाचा गणितग्रंथ रचला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. मूळ ग्रंथात ही कथा नाही. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती प्रथम आढळते. आणि हाच फैजी चार वर्षांनी, १५९१ साली, बादशहाचा वकील म्हणून खानदेशच्या सुलतानाकडे बऱ्हाणपुरास आला होता. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख असलेले पाटण तेथून फार दूर नाही. कथा खरी की खोटी हा पंडितांचा प्रश्न झाला. आम्हांस तिच्यातील गृहीतच अधिक बोलके वाटते. मुलीचे लग्न झाले असते तर गणिताची गरज नव्हती. ते मोडले म्हणून विद्या देण्यात आली. विद्या ही संसाराला पर्याय म्हणून, चुकलेल्या मुहूर्ताची भरपाई म्हणून. चार शतके ही गोष्ट आपण मोठ्या कौतुकाने सांगत आलो आणि तिच्यातील ही खोच कोणास फारशी टोचली नाही.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत आपण जिंकलो अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात रूढ झाली आहे, आणि तिला आधार नाही असेही नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक पाहणीचे २०२१-२२ चे आकडे पाहावेत. देशातील ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी २ कोटी ७ लाख मुली आहेत. विज्ञान शाखेत तर मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक आहे. पीएच.डी. साठी नाव नोंदविलेल्या सुमारे २ लाख १३ हजारांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी मुलींच्या शाळेवर दगड फेकले त्यांच्या नातवंडांनी हे आकडे अभिमानाने सांगावेत असेच आहेत. परंतु त्याच पाहणीत पुढे वाचले की चित्र पालटते. अध्यापकवर्गात शंभरांमागे स्त्रिया सुमारे ४३, आणि हुद्दा जसजसा चढतो तसतसा हा वाटा घटत जातो. प्राध्यापक, विभागप्रमुख, प्राचार्य, अधिष्ठाता, कुलगुरू अशी शिडी चढत गेले की वरच्या पायऱ्यांवर स्त्री विरळच दिसते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तेथे पहिली स्त्री कुलगुरू, डॉ. स्नेहलता देशमुख, १९९५ साली आली. मधली १३८ वर्षे त्या पदास लायक स्त्री या महानगरात निपजलीच नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही.

म्हणजे अडसर आता प्रवेशद्वाराशी नाही, तो आतल्या जिन्यात आहे. पूर्वी तो दारातच होता आणि म्हणून निदान दिसत तरी असे. या संदर्भात कमला सोहोनी यांची हकीगत पुन्हा सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्याच मराठी घरातील आणि ज्या प्रदेशाबद्दल आपण बोलत आहोत त्याच प्रदेशातील आहे. कमला भागवत इंदूरच्या. वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून ही मुलगी १९३३ साली त्याच संस्थेत प्रवेश मागावयास गेली, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. तो काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. कमलाबाईंनी संचालकांच्या दाराशी सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही. काम पसंतीस उतरले तरच पुढे मान्यता. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम केले पाहिजे. आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडवता कामा नये. या शेवटच्या अटीचा अर्थ उघड आहे. वातावरण बिघडण्याची भीती ज्यांच्यामुळे होती, त्यांच्यावर कोणतीच अट नव्हती!

कमलाबाईंनी त्या अटी पाळल्या, १९३६ साली विशेष गुणवत्तेने पदव्युत्तर पदवी घेतली आणि केंब्रिजला गेल्या. तेथे नोबेल मानकरी हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती, तर एका संशोधकाने आपली दिवसाची जागा त्यांना देऊ केली. बंगळूरला रात्रीची वेळ ही मुलीस घातलेली अट होती, केंब्रिजला ती एका सहकाऱ्याने स्वतःकडे घेतलेली गैरसोय होती. संस्थेच्या वृत्तीतील अंतर यापेक्षा वेगळे मोजण्याची गरज नाही. बटाट्यावर काम करीत असताना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असल्याचे त्यांनी दाखवून दिले आणि अवघ्या चौदा महिन्यांत, १९३९ साली, पीएच.डी. मिळविली. प्रबंध चाळीसेक पानांचा होता. आपल्याकडे प्रबंधाची जाडी वजनकाट्यावर जोखण्याची चाल असल्याने हा तपशील मुद्दाम नमूद केला आहे.

तथापि कमलाबाईंच्या चरित्रातील आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, आणि तो फारसा सांगितला जात नाही. मायदेशी परतल्यावर दिल्लीस वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्राचा विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषणविषयक प्रयोगशाळेत सहायक संचालकपद. १९४७ साली विवाह झाला, पतीचे वास्तव्य मुंबईस, म्हणून त्याही मुंबईस आल्या आणि येथील विज्ञानसंस्थेत नव्याने काम उभे केले. नीरेवरील त्यांच्या संशोधनाचा गौरव झाला. एवढे असूनही त्या संस्थेचे संचालकपद अंतर्गत राजकारणामुळे त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. १९३३ साली दार बंद करणारा माणूस समोर उभा होता, त्याच्याशी भांडता आले. नंतरच्या विलंबाचा कर्ता दाखविता येईल असा कोणीच नव्हता. कोठे एक टिपण अडले, कोठे एक सभा पुढे ढकलली गेली. दाराशी सत्याग्रह करता येतो, टिपणाशी करता येत नाही.

कमलाबाईंची थोरली बहीण दुर्गा भागवत. मध्य प्रदेशातील आदिवासींमध्ये जाऊन अभ्यास करणारी, लोकसाहित्यापासून बौद्ध वाङ्मयापर्यंत अधिकाराने लिहिणारी, १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाची अध्यक्षा. दुर्गाबाईंच्या विद्वत्तेबद्दल महाराष्ट्रात मतभेद नव्हता. पण त्यांचे आयुष्यभराचे काम झाले ते बव्हंशी विद्यापीठांच्या भिंतींबाहेर, ग्रंथालयातील एका टेबलाशी. त्यांना ते रुचलेही असेल. पण एवढ्या विदुषीवाचून आपल्या विद्यापीठांचे काही अडले नाही, ही गोष्ट विद्यापीठांबद्दल बरेच काही सांगून जाते.

इरावती कर्वे यांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यावयाचे. इरावतीबाई १९२८ साली मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, आपल्या मुरूडचे, स्त्रियांचे विद्यापीठ १९१६ साली उभारणारे. या महर्षींचा सुनेच्या परदेशगमनास विरोध होता! पती दिनकरराव मात्र ठाम राहिले आणि त्यांनी पत्नीस पाठविले. इरावतीबाई १९३० साली डॉक्टरेट घेऊन परतल्या, सासऱ्यांच्याच विद्यापीठाच्या काही वर्षे कुलसचिव झाल्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी जे कार्य केले ते सर्वांस ठाऊक आहे. महर्षींचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाही. सर्व स्त्रियांना शिकवावे हे मान्य असणे निराळे आणि घरच्या सुनेने दोन वर्षे चूल सोडून परक्या देशी राहावे हे मान्य असणे निराळे, एवढेच यातून दिसते. पहिली गोष्ट तत्त्वाची, दुसरी स्वयंपाकघराची. इरावतीबाईंचे भाग्य असे की दुसऱ्या गोष्टीत घरातील एक पुरुष त्यांच्या बाजूने उभा राहिला. विदुषी घडणे हे पतीच्या स्वभावावर अवलंबून राहावे, ही व्यवस्था नव्हे, सोडत आहे. त्यांना ती लागली. किती जणींना लागली नाही याची नोंद कोठेच असणार नाही.

आता बऱ्हाणपुराकडे वळू. तेथील एखादी मराठी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. वडील यंत्रमागावर किंवा केळीच्या व्यापारात, घरी मराठी, शाळेत हिंदी. गावातच महाविद्यालय असल्याने पदवीपर्यंत अडचण येत नाही, पदव्युत्तर शिक्षणही कदाचित पुरे होते. संशोधन करावयाचे ठरविले की पहिला प्रश्न मार्गदर्शकाचा. आजवर या भागाचे विद्यापीठ इंदूरचे. अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास, बसने जाण्यायेण्यातच दिवस सरतो. खरगोनला टंट्या भिल्लाच्या नावाने २०२४ साली नवे विद्यापीठ निघाले आहे. त्याचे ग्रंथालय आणि प्रयोगशाळा उभ्या राहावयास वेळ लागेल. मुलगा असता तर इंदूरला खोली घेऊन राहिला असता. मुलीच्या बाबतीत आधी वसतिगृह, मग मामाचे घर, मग ‘पीएच.डी. संपेपर्यंत लग्नाचे वय राहील काय’ हा प्रश्न, अशा क्रमाने चर्चा होते. ही चर्चा करणारे आईबाप दुष्ट नसतात. आपल्याकडे सावंतवाडीत, काणकोणात किंवा कारवारातही ती याच शब्दांत होते.

समजा या पायऱ्या पार झाल्या आणि मुलीचे लग्न रावेर किंवा जळगावकडे झाले. बऱ्हाणपुराहून रावेर म्हणजे शेजारचे गाव, भाषा एक, जात-गोत एक. पण मध्ये राज्याची सीमा आहे. अध्यापकपदासाठी लागणारी राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, जिला आपण ‘सेट’ म्हणतो, ती १ जून २००२ नंतर ज्या राज्याची उत्तीर्ण केली त्याच राज्यात चालते. मध्य प्रदेशाची सेट उत्तीर्ण झालेली ही मुलगी जळगावात पात्र ठरत नाही. तिने अखिल भारतीय परीक्षा द्यावी किंवा महाराष्ट्राची सेट नव्याने द्यावी. मागास जातीची असेल तर माहेरच्या राज्यातील जातीचा दाखला सासरच्या राज्यातील आरक्षणास उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या राखीव जागांना अधिवासाची अट आहे. आपल्या गोव्यातही सरकारी नोकरीस साधारणतः पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट असते. हे सर्व नियम कागदावर स्त्री-पुरुषांना सारखेच लागू आहेत. पण लग्नानंतर राज्य बदलतो कोण? सारखा नियम विषम परिणाम कसा घडवितो याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले, अक्षरओळख नसलेल्या एका शेतकरी स्त्रीचा हा योग्य गौरवच आहे. सीमेपलीकडून सून होऊन आलेल्या पदवीधर स्त्रीस त्याच विद्यापीठाच्या महाविद्यालयात अर्ज करता येऊ नये, हे मात्र त्या नावाशी विसंगत दिसते.

समजा ती माहेरच्या राज्यातच राहिली. मध्य प्रदेशातील सरकारी महाविद्यालयांत वर्षानुवर्षे नियमित अध्यापक नेमण्याऐवजी ‘अतिथि विद्वान’ नेमण्याची पद्धत आहे. नाव मोठे भारदस्त. अतिथीस आपण देव मानतो आणि विद्वान तर सर्वत्र पूज्य. प्रत्यक्षात ही नेमणूक कामाच्या दिवसावर मानधन देणारी असे, सुटीत वेतन नाही, आणि नियमित अध्यापक येऊन दाखल झाला की अतिथीने उठावयाचे. तेथल्या बोलीत त्यास ‘फॉलन आउट’ होणे म्हणतात. अनेक वर्षांच्या खंडानंतर २०१७ च्या जाहिरातीवरून नियमित भरती झाली तेव्हा असे कितीतरी जण बाहेर पडले. २०१९ च्या डिसेंबरपासून भोपाळच्या शाहजहानी उद्यानात त्यांनी धरणे धरले. थंडीत मुलेबाळे घेऊन बसलेल्या स्त्रिया त्यांत होत्या, आणि २०२० च्या फेब्रुवारीत एका विदुषीने तेथे केशवपन करून घेतले. ज्या भोपाळवर शंभर वर्षे बेगमांनी राज्य केले, जेथील सुलतान जहान बेगम १९२० साली अलिगढ विद्यापीठाची पहिली कुलपती झाली, त्या भोपाळात डॉक्टरेट घेतलेल्या स्त्रीवर ही पाळी आली. एकेकाळी विधवेवर लादलेला विधी सुशिक्षित स्त्रीने नोकरीसाठी स्वतःहून पत्करावा, हे चित्र ज्यांनी पाहिले त्यांना ते सहजी विसरता येणार नाही. पुढे २०२३ साली मानधनात वाढ जाहीर झाली. नेमणुकीचे स्वरूप अस्थायीच राहिले.

आम्हां गोवेकरांनी यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. अतिथि विद्वान हे नाव आपल्याकडे नाही, एवढेच. आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे आणि कंत्राटी अध्यापक आहेत, महाराष्ट्रातही आहेत, आणि त्यांची स्थिती फार निराळी नाही. या नेमणुका स्त्रियांनाच अधिक जाचतात, त्याचे कारण वयाच्या हिशेबात आहे. पीएच.डी. संपेपर्यंत अठ्ठाविसावे-तिसावे वर्ष उजाडते. त्यानंतरची सात-आठ वर्षे विद्याव्यवसायात पाय रोवण्याची, निबंध प्रसिद्ध करण्याची, परिषदांना जाण्याची. आणि तीच वर्षे अपत्यजन्माची. नियमित सेवेतील स्त्रीस १८० दिवसांची प्रसूतिरजा आहे. तासिकेवरील स्त्री बाळंतीण झाली की तिच्या तासिका दुसऱ्याकडे जातात, आणि परत आल्यावर त्या परत मिळतील असे कोणी लिहून देत नाही. वास्तविक दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार स्त्रियांना प्रसूतिलाभ दिलाच पाहिजे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिला, आणि कराराची मुदत संपली तरी हा लाभ खंडित होत नाही असे २०२३ साली पुन्हा स्पष्ट केले. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या मजूर स्त्रीस जो हक्क न्यायालयाने दिला, तो शेक्सपिअर किंवा ज्ञानेश्वरी शिकविणाऱ्या अध्यापिकेस मागावयास संकोच वाटतो. पुढच्या वर्षीची नेमणूक ज्यांच्या हाती त्यांच्याकडेच तो मागावयाचा असतो ना!

या विषयावर लिहू लागले की काही आक्षेप ठरलेले असतात. स्त्रियांना स्वतःलाच जबाबदारीची पदे नकोत, घर सांभाळून होईल तेवढेच त्या पत्करतात, असे अनुभवी प्राचार्य सांगतात. यात तथ्यांश नाही असे आम्ही म्हणणार नाही. विभागप्रमुखपद नाकारणाऱ्या प्राध्यापिका आम्हांसही ठाऊक आहेत. परंतु संध्याकाळी साडेसहाला सभा बोलवावयाची, आणि मग स्त्रिया सभेस थांबत नाहीत अशी तक्रार करावयाची, यास काय म्हणावे? घरी परतल्यावर पुरुष प्राध्यापकापुढे चहा येतो आणि स्त्री प्राध्यापकापुढे भांडी येतात. हा भेद मिटविल्याशिवाय तिची आवड कोणती आणि नाइलाज कोणता, हे ठरविण्याचा अधिकार प्राचार्यांस पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. नेमणूक गुणवत्तेवरच व्हावी याबद्दल दुमत नाही. पण आपल्या निवडसमित्यांपुढे बसलेल्या मुलीस ‘लग्न कधी?’ आणि विवाहितेस ‘यजमानांची बदली झाली तर?’ हे प्रश्न अजून विचारले जातात. यातील कोणता प्रश्न गुणवत्तेचा आहे?

तिसरा मुद्दा आक्षेप म्हणून नव्हे, शंका म्हणून उपस्थित होतो, आणि आमच्या मते तोच विचार करण्याजोगा आहे. स्त्रियांना सवलती वाढल्या म्हणून संस्था स्त्रियांना नेमावयास कचरतात, असे म्हटले जाते. संशोधक विद्यार्थिनीस विद्यापीठ अनुदान आयोगाने २४० दिवसांची रजा आणि प्रबंधासाठी दोन वर्षांची अधिक मुदत दिली आहे. केंद्र सरकारी सेवेतील मातेस २००८ पासून संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. या सवलती योग्यच आहेत. पण पित्यास काय आहे? अपत्यजन्माच्या वेळी १५ दिवस. बालसंगोपन रजा पुरुषास मिळू लागली ती २०१८ साली, आणि तीही तो एकटा पालक असेल तरच. म्हणजे घरात बाई उरली नाही तर. मूल वाढविणे हे आईचे काम, ही जुनी समजूत आपण स्त्रीच्या हिताच्या नावाखाली सरकारी नियमात कोरून ठेवली. मग कोणताही हिशेबी संस्थाचालक दोन उमेदवारांत ज्याच्यामागे रजा नाही त्यास निवडणार. स्त्रीची रजा कमी करणे हा यावरचा उपाय नव्हे. तीच रजा मातापित्यांनी वाटून घ्यावी अशी तरतूद केली आणि काही भाग पित्यानेच घ्यावा असा दंडक घातला, तर नेमणुकीच्या वेळी दोघांचे पारडे सारखे होईल. स्वीडन-नॉर्वेसारख्या देशांनी हे केले आहे. आपल्याकडे पुरुष प्राध्यापक अशी रजा घेऊन ग्रंथालयात जाऊन बसेल, ही भीती रास्त आहे. पण बायकोची सात-आठ वर्षे वाया जाण्यापेक्षा ते परवडले.

संशोधनात खंड पडलेल्या विज्ञान पदवीधर स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान खात्याने दोन दशकांपूर्वी खास शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि त्यांचा उपयोग पुष्कळ जणींना झाला. डॉ. रोहिणी गोडबोले यांनी राम रामस्वामी यांच्यासह २००८ साली भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची आत्मकथने संकलित केली, त्या ग्रंथास ‘लीलावतीच्या कन्या’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. गोडबोलेबाई २०२४ साली निवर्तल्या. त्या ग्रंथातील स्त्रिया बहुतांशी मोठ्या शहरांतील मोठ्या संस्थांत पोहोचलेल्या आहेत. बऱ्हाणपूरची, डिचोलीची, मालवणची अध्यापिका इतिहास किंवा मराठी शिकविणारी असेल तर तिच्यासाठी त्या शिष्यवृत्त्या नाहीत. आपल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींची नात, डॉ. मीरा कोसंबी, यांनी पंडिता रमाबाई आणि आनंदीबाई जोशी यांच्यावर जे मोलाचे लेखन केले, ते समाजशास्त्रातले होते, प्रयोगशाळेतले नव्हे. त्यांच्यामागे घरातल्या दोन पिढ्यांची विद्वत्ता होती. जिच्यामागे ती नाही तिला मार्गदर्शक गावाजवळ मिळाला पाहिजे, प्रसूतीनंतर त्याच तासिका परत मिळाल्या पाहिजेत, आणि वयाची मर्यादा मोजताना संगोपनाची वर्षे वजा झाली पाहिजेत. राज्याराज्यांनी परस्परांची सेट मान्य करणे हे तर एका परिपत्रकाचे काम आहे. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट एकत्रच होते; दोन राज्यांत जे चालते ते तिसऱ्या राज्याबरोबर का चालू नये, याचे उत्तर आयोगाने द्यावयास हवे.

गोव्यापुरते बोलावयाचे तर आरंभ माहितीपासून करता येईल. येथील सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर आणि कंत्राटावर किती स्त्रिया शिकवीत आहेत, त्यांतील किती जणी पाच वर्षांहून अधिक काळ तशाच आहेत, आणि गेल्या पाच वर्षांत त्यांपैकी किती जणींना प्रसूतीच्या काळातील वेतन मिळाले, हे तीन आकडे उच्च शिक्षण संचालनालयाने हुद्देवार प्रसिद्ध करावेत. त्यासाठी आयोग नेमण्याची आवश्यकता नाही. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने विचारलेला एक तारांकित प्रश्न पुरेसा आहे.